वाचक विचारतात : ट्रंकेतले युद्धाचे पेपर

प्रश्न : आमचा पंचवटीतला वाडा उतरवायला काढलाय, तर माळ्यावर सासऱ्यांची ट्रंक सापडली. त्यात १९७१ च्या युद्धाचे पेपर, एका बाजूनेच छापलेले जादा अंक, पोस्टकार्डं आणि दुसऱ्या महायुद्धातले थोडे इंग्रजी पेपर आहेत. मिस्टर म्हणतात लॅमिनेट करून टाकू, भाचा म्हणतो ऑनलाइन टाक, लाख तरी कुठे गेले नाहीत. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी मिस्टरांना थांबवा. लॅमिनेशनची उष्णता आणि गोंद कागदात एकदा शिरला की तो परत सुटत नाही, आणि न्यूजप्रिंट मुळातच लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल असतं, म्हणून तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो, ते प्लास्टिकच्या आतही चालूच राहतं. सेलोटेप नको, पिना असतील तर हळूच काढा, उन्हात वाळवत तर अजिबात ठेवू नका. घड्या उघडून पेपर सपाट ठेवा, मध्ये अॅसिड-फ्री म्हणजे आम्ल नसलेला कागद घाला आणि बॉक्समध्ये घालून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा, पण ओल येणाऱ्या भिंतीला लागून नको, पावसाळ्यात आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंती कशा पाझरतात ते तुम्हाला मी काय सांगू.

आता लाखाचं. १७ डिसेंबर १९७१ चा विजयाचा पेपर घरोघरी जपलेला असतो, त्याला फार भाव येत नाही. मला विचाराल तर खरा माल ते जादा अंक, कारण ते वाचले, चार जणांत फिरले आणि दुसऱ्या दिवशी पुडीला गेले, ठेवतंय कोण! त्यात तारीख नीट बघा हं. पाकिस्तानी फौजेची ढाक्यातली शरणागती १६ तारखेला संध्याकाळी झाली, त्यामुळे १६ तारखेच्या सकाळच्या अंकात तिची बातमी असूच शकत नाही, त्या तारखेवर ती दिसली तर एकतर तो संध्याकाळचा किंवा जादा अंक, नाहीतर नंतर कुणीतरी हौसेनं छापलेला. महायुद्धातल्या पेपरांसाठी दुकानात नोटा तपासायचा निळा दिवा असतो ना, तो अंधारात कागदावर धरा. कागद पांढराशुभ्र निळसर चमकला तर संशय घ्या, कारण कागद उजळवणारी ती रसायनं सर्रास वापरात आली युद्धानंतर. नुसतं पिवळेपणावर जाऊ नका, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळे केलेले पेपरही विकायला येतात.

पोस्टकार्डं मात्र वेगळी काढा, आणि त्यांच्यात टपालाची पाकिटं असतील तर तीही. १५ नोव्हेंबर १९७१ पासून पोस्टकार्डं आणि वर्तमानपत्रं सोडून बाकी टपालावर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीचं ५ पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं, आणि सुरुवातीला नेहमीच्याच ५ पैशांच्या तिकिटावर वरून छाप मारून ते काढलं होतं, त्यातलं बरंचसं काम आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमधलं. तिकीट सोलून अल्बमात लावायचा मोह होईल, तो आवरा, शिक्क्यासकट अख्खं पाकीट किंवा कार्डच ठेवायचं असतं. सासऱ्यांनी पेपरच्या कडेला पेनानं काही लिहिलं असेल तर तेही खोडू नका.

विकायचंच ठरलं तर भाच्याला एक सांगा, ७५ वर्षांवरचे ऐतिहासिक महत्त्वाचे कागद १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकतात आणि असं काही केंद्र सरकार किंवा त्यानं अधिकार दिलेली संस्था सोडून कुणालाच परदेशी पाठवता येत नाही. म्हणजे महायुद्धातले पेपर अमेरिकेतल्या गिऱ्हाईकाला कुरिअर करण्याआधी पुरातत्त्व खात्याला विचारा, ७१ चे अजून त्या वयाचे झाले नाहीत.