दंतवैद्य व्हायचे असेल, तर आधीची चार वर्षे कुठे काढावीत?

गेल्या एप्रिलमध्ये न्यू जर्सीतील एडिसनहून एक मराठी जोडपे मुलीला घेऊन सल्ल्यासाठी माझ्याकडे आले. मुलीला दंतवैद्य व्हायचे होते आणि हाती दोन प्रवेशपत्रे होती. एक सर्वांना ठाऊक असलेल्या खाजगी विद्यापीठाचे, वर्षाला सुमारे ९०,००० डॉलर खर्चाचे, आणि दुसरे राज्याच्या विद्यापीठाचे, शिष्यवृत्तीसह. होकार कळवण्याची मुदत १ मे होती. साध्या कॉलेजातून पदवी घेतली तर पुढे डेंटल स्कूल तिला दारात उभे करील का, हा वडिलांचा प्रश्न होता. दरवर्षी या दिवसांत कोणत्या ना कोणत्या घरातून तो माझ्याकडे येतोच.

या काळजीचे मूळ मला समजते. आई-वडिलांनी भारतात बारावीनंतर थेट बीडीएसला, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीला, जाणारे मित्र पाहिले आहेत, आणि तिथे कॉलेज ठरले की व्यवसायही ठरतो. अमेरिकेत मात्र आधी बहुधा चार वर्षांची पदवी, मग डॅट ही प्रवेश परीक्षा आणि त्यानंतर डेंटल स्कूलची साधारण चार वर्षे असा क्रम असतो. पदवी कोणत्याही विषयाची चालते, पण जीवशास्त्र, सामान्य व सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे विषय प्रयोगांसह झालेले लागतात. ते दोन्ही विद्यापीठांत होते.

म्हणून मी बोलणे गुणांकडे वळवले. माझ्याकडे पूर्वी आलेला एक हुशार मुलगा अतिशय चुरशीच्या कॉलेजात गेला आणि पहिल्याच वर्षी रसायनशास्त्रात घसरला. तो विषय त्याने पुन्हा घेऊन चांगले गुण मिळवले, तरी डेंटल स्कूलांच्या सामायिक अर्जात दोन्ही वेळचे गुण सरासरीत धरले जातात, आणि विज्ञान विषयांची सरासरी वेगळीही काढली जाते. त्या एका वर्षाची भरपाई करताना त्याची पुढची दोन वर्षे गेली. त्याला तिथे जाऊ देताना मीही पुरेसे विचारले नव्हते, ही बोच मला अजून आहे.

मुलीने एक वही आणली होती. शनिवारी एका दंतवैद्याच्या दवाखान्यात बसून पाहिलेले ती तारीख आणि तासांसह लिहून ठेवत असे. एका पानावर होते, ‘दातांचे माप घेताना पेशंटला उमासे आले. डॉक्टरांनी त्यांना एक पाय वर उचलून धरायला सांगितले, आणि माप झाले.’ ते वाचून मी तिला म्हटले, ‘असे तास तुला पुढेही लागतील. कॉलेजजवळ बसू देणारे डॉक्टर कोण आहेत आणि तुला ओळखून शिफारसपत्र लिहितील असे विज्ञानाचे दोन प्राध्यापक कुठे मिळतील, हे दोन्हीकडे विचारून ये.’

पैशाचे मात्र मी वडिलांशी स्पष्ट बोलले. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचे केंद्र सरकारचे कर्ज बंद होत असून, डेंटलसारख्या अभ्यासक्रमाला फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचे, कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच मिळेल. अनेक डेंटल स्कूलांचा खर्च याच्या बराच वर जातो. पदवीवर साठ्यातले सारे पैसे संपवले, तर खरी गरज असेल तेव्हा हात रिकामे राहतील, हे मला त्यांच्या मनावर ठसवायचे होते. काही मुलांना खाजगी विद्यापीठ भरघोस मदत देते, आणि तिथे हा हिशेब उलटा होतो. या कुटुंबाला तशी मदत मिळालेली नव्हती.

२८ एप्रिलला त्यांनी राज्याच्या विद्यापीठाला होकार कळवला. मुलीचा एकच प्रश्न उरला होता: शाळेत एपी या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षेतून मिळवलेले रसायनशास्त्राचे श्रेयांक वापरून तो विषय टाळावा का? काही डेंटल स्कूल हे श्रेयांक आवश्यक विषयांसाठी धरत नाहीत, म्हणून मी नको म्हटले. ऑगस्टमध्ये ती सामान्य रसायनशास्त्राच्या वर्गात पहिल्यापासून बसली, आणि आता दर मंगळवारी शंका घेऊन प्राध्यापकांच्या खोलीत जाते.