मे महिन्यातला खरखरीत रंग आणि शेपटीवर बसणारं मिराज

महाराजपुऱ्याच्या हवाई तळावर 1985 पासून मिराज 2000 ही लढाऊ विमानं आहेत. त्यामुळे ग्वाल्हेरच्या वाचकांची पत्रं बहुधा याच विमानाच्या किटबद्दल, म्हणजे जोडून रंगवायच्या प्लास्टिकच्या प्रतिकृतीबद्दल असतात, यात नवल नाही. यावेळची उत्तरंही त्यालाच धरून दिली आहेत, पण ती कुठल्याही जेटच्या किटला लागू पडतील.

प्रश्न : 1/48 (खऱ्याच्या 48 पट लहान) मिराजला टामियाचा अ‍ॅक्रिलिक रंग मारतोय. एअरब्रशची (रंग फवारायच्या पेनाची) सुई 0.3 मिमी, रंग आणि थिनर निम्मे-निम्मे, हवेचा दाब 25 पीएसआय. सुकल्यावर पंखांवर हात फिरवला की वॉटर पेपरसारखं खरखरीत लागतं. गच्चीवरच्या खोलीत दुपारी काम करतो, समोर कूलर चालू असतो. चूक कुठे होतेय? (लष्कर, ग्वाल्हेर)

रंग हवेतच सुकतोय. नोझलमधून निघालेला थेंब प्लास्टिकवर ओला पोचला, तर तो पसरतो आणि शेजारच्या थेंबात मिसळतो. तुमच्या खोलीत मधल्या अंतरातच थिनर उडून जातो आणि पंखावर पडते ती रंगाची भुकटी. पंख जिथे धडाला मिळतो त्या कोपऱ्यात हा खरखरीतपणा सगळ्यात जास्त असेल, कारण तिथे हवेचा भोवरा होतो आणि सुके कण तिथेच साचतात. बोट लावून पाहा.

दाब 12 ते 15 पीएसआयवर आणा आणि अंतर 5 सेंटीमीटरच्या आसपास ठेवा. रंगाच्या एका भागाला थिनरचे दीड भाग घ्या. लांबून आणि जोरात मारलं की रंग सारखा बसतो, हा समज उन्हाळ्यात महाग पडतो. थिनरही बदला. साधा अ‍ॅक्रिलिक थिनर अल्कोहोलचा असतो आणि चटकन उडतो. मिस्टर लेव्हलिंग थिनरमध्ये रिटार्डर असतो, त्यामुळे रंग जास्त वेळ ओला राहतो आणि टामियाच्या रंगाशी त्याचं उत्तम जमतं. तो मिळत नसेल तर अ‍ॅक्रिलिक रिटार्डरचे 5-6 थेंब 5 मिली मिश्रणाला पुरे. त्याहून जास्त घातले तर रंग दोन-दोन दिवस चिकट राहतो आणि त्यावर बोटांचे ठसे उठतात.

आता कूलर. गवताच्या ताट्यांमधून येणारी हवा दमट असते आणि धूळ घेऊन येते. लेव्हलिंग थिनर लॅकर जातीचा आहे. तो उडताना पृष्ठभाग गार करतो, खोलीतली वाफ त्यावर धरते आणि रंगावर पांढरट धुकं येतं. बाहेर लू वाहत असतानाही पावसाळ्यातला हा दोष घरात उपटतो तो कूलरमुळेच. रंगकामाच्या अर्धा तास आधी कूलर बंद करा. खिडकी उघडी ठेवा, पंखा लावायचाच तर हवा बाहेर फेकेल असा लावा. मास्क कापडी नको, रसायनांच्या वाफा अडवणाऱ्या फिल्टरचा हवा. मे महिन्यात रंगाचं काम सकाळी साडेपाच ते आठ. दुपारी कापणं, घासणं, कॉकपिट हाताने रंगवणं करावं. डिसेंबर-जानेवारीत नेमकं उलट: धुक्याची सकाळ सोडून द्यायची आणि दुपारी बारानंतर बसायचं.

आधीच खरखरीत झालेला पंख वाया गेलेला नाही. 24 तास थांबा. 2000 नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवा. पॅनेलच्या कडांवर जोर देऊ नका, तिथला रंग आधी जातो. मग धुऊन, सुकवून पातळ ओला थर द्या.

प्रश्न : माझं 1/72 जेट उभं केलं की शेपटीवर बसतं. धड चिकटवून झालंय. आता काय करता येईल? पुढच्या किटला वजन किती घालावं? (मुरार)

मागची मुख्य चाकं हा तराजूचा काटा समजा. त्यांच्या मागे वजन जास्त झालं की नाक उचललं जातं. किटच्या कागदावर 5 ग्रॅम, 10 ग्रॅम असा आकडा दिलेला असतो, पण तो जेमतेम पुरणारा असतो. स्वतः मोजणं उत्तम. धडाचे दोन भाग, पंख, शेपूट आणि इंजिनाचं नळकांडं मास्किंग टेपने जोडा, मुख्य चाकांच्या जागी पंखाखाली गोल पेन्सिल आडवी धरा आणि नाकाच्या वर मळलेल्या कणकेच्या छोट्या गोळीत एकेक छर्रा खोचत जा. नाक खाली गेलं की थांबा, कणकेसकट वजन करा आणि त्यात चौथा हिस्सा वाढवा. वजन आत ठेवताना ते टोकापासून थोडं मागे सरकतं, म्हणून ही वाढ. चाकांच्या जितकं जवळ ठेवाल तितकं जास्त लागेल.

छर्रे सायकलवाल्याकडे मिळतात. मागच्या हबचे पाव इंची पोलादी छर्रे प्रत्येकी साधारण 1 ग्रॅमचे असतात, त्यामुळे हिशेब तोंडी होतो. ते टू-पार्ट इपॉक्सीत पक्के बसवा. गळाचं शिसं आकाराने लहान पडतं, पण शिसं आणि फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद कधीही एकत्र आणू नका. गोंदातल्या आम्लाने शिशावर पांढरी भुकटी धरते, ती फुगते, आणि वर्ष-दोन वर्षांनी नाकाची शिवण आतून उकलते.

तुमचं धड बंद आहे, तेव्हा नाकाच्या चाकाच्या कप्प्याचं छत पाहा. तिथे 3 मिमीचं भोक पाडून बारीक छर्रे आत सोडा, विमान नाकावर उभं धरा आणि सुपरग्लूचे थेंब टाकत ते जागच्या जागी धरू द्या. रडार-शंकू (नाकाचं टोक) वेगळा भाग असेल तर तो उकलणं याहून सोपं. पंखाखालच्या इंधन-टाक्यांतही वजन दडवता येतं, मात्र फक्त टाकीच्या पुढच्या, चाकांच्या रेषेपुढे येणाऱ्या भागात. मागच्या अर्ध्यात भरलंत तर शेपूट आणखी बसेल. गरजेपेक्षा जास्त वजनही नको, 1/72 च्या नाकाची प्लास्टिकची काडी त्या भाराने हळूहळू वाकते.

प्रश्न : धडाच्या दोन भागांची शिवण घासून गुळगुळीत केली, प्रायमरखाली दिसेनाशी झाली. महिन्याभराने रंगावर तीच रेघ खोल उमटली. (इंदूरहून)

घाई झाली. पातळ सिमेंट (किटचा गोंद) प्लास्टिक विरघळवून जोडतं. वरून तासाभरात कोरडं वाटलं तरी आतलं प्लास्टिक मऊ असतं आणि गोंदातला द्रावक हळूहळू उडत राहतो. तो उडताना प्लास्टिक आक्रसतं. मऊ असताना सपाट घासलं, तर आक्रसल्यावर तिथे खाच पडणारच. उन्हाळ्यात वरचा थर इतका लवकर कडक होतो की हमखास फसायला होतं. धड दाबून शिवणीवर प्लास्टिकचा बारीक मणी उठू द्या आणि निदान 48 तास हात लावू नका. मग 400, 600, 1000 या क्रमाने घासा. आता आलेल्या खाचेत काळा सुपरग्लू भरा. तो आक्रसत नाही, पण अर्ध्या तासाच्या आत घासून घ्या, नंतर तो भोवतालच्या प्लास्टिकपेक्षा कडक होतो.

प्रश्न : डिकलच्या (पाण्यात भिजवून लावायच्या चिन्हांच्या) पारदर्शक कडा चंदेरी चमकतात. दुसऱ्या जुन्या किटचं डिकल तर पाण्यात पडताच चुरा झालं. आणि शेपटीवरच्या तिरंगी पट्ट्यात केशरी पुढे की मागे? (थाटीपूर)

केशरी पुढे, विमानाच्या नाकाकडे, शेपटीच्या दोन्ही बाजूंना. इथे चूक फार सहज होते: पट्टा चौकोनी असेल तर उलटा फिरवला तरी जागेत चपखल बसतो, फक्त हिरवा पुढे येतो. म्हणून पाण्यात टाकण्याआधी कागदाच्या मागे पेन्सिलीने बाण काढा. पंखावरच्या वर्तुळात हिरवा बाहेर, केशरी आत.

चंदेरी चमक म्हणजे डिकलखाली अडकलेली हवा. मॅट रंग खडबडीत असतो, डिकल त्याच्या उंचवट्यांवर टेकतं आणि खाचांत हवा राहते. आधी चकचकीत वार्निशचा थर, एक पूर्ण दिवस विश्रांती, मग डिकल. कोमट पाण्यात 10 सेकंद बुडवून बाहेर काढा आणि मिनिटभर ओल्या टिश्यूवर ठेवा. जागेवर मायक्रो सेटचा (डिकल बसवणाऱ्या द्रवाचा) थेंब, त्यावर डिकल सरकवा, ओल्या इयरबडने मधून कडेकडे दाबा. मग वरून मायक्रो सोल, हा डिकल मऊ करणारा द्रव. त्याने डिकल सुरकुततं आणि पाहणाऱ्याच्या काळजात धस्स होतं, पण बोट लावू नका. सुकताना ते स्वतःच ताणून बसतं, पॅनेलच्या रेघेतही उतरतं. बसलेल्या डिकलवर चमक राहिली असेल तर सुईने चार-पाच टोचे मारून वर पुन्हा सोल सोडा.

जुनं डिकल लावण्याआधी न लागणारा एखादा आकडा पाण्यात टाकून पाहत जा. तुटला तर पूर्ण कागदावर चकचकीत लॅकरचे दोन हलके थर द्या. त्यानंतर सगळ्या कागदाची एकच फिल्म होते, म्हणून प्रत्येक चिन्ह अगदी कडेने कापावं लागतं.

प्रश्न : कॅनॉपी (कॉकपिटवरची पारदर्शक काच) सुपरग्लूने चिकटवली, आतून पांढरी झाली.

सुपरग्लूची वाफ काचेवर गोठली. निघत असेल तर काढा, आतून 2000 च्या पेपरने आणि मग पॉलिशने उजळवा, चकचकीत अ‍ॅक्रिलिकमध्ये बुडवून टिश्यूवर निथळत ठेवा. पुन्हा लावताना पांढरा फेव्हिकॉल घ्या. जास्तीचा ओल्या ब्रशने पुसता येतो.

प्रश्न : 1971 च्या लढाईतलं नॅट लढाऊ विमान करायचंय, अकरा वर्षांच्या मुलासोबत. 1/72 चं एअरफिक्सचं किट चालेल का? (बडोदा)

डब्यावर टी.1 लिहिलेलं असेल तर ते दोन आसनी ब्रिटिश प्रशिक्षण विमान आहे. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी 14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरवरून उडवलं ते एकासनी होतं. त्याचं नाक आणि कॅनॉपी वेगळी, शिवाय टी.1 चे पंख आणि शेपूटही मोठे आहेत. कापून बदलण्याचं काम मुलाच्या पहिल्या किटवर नको. मुलाला टी.1 ब्रिटिश रंगांतच करू द्या आणि एकासनी नॅटचं किट तुम्ही वेगळं शोधा. 1/72 मध्ये ते जेमतेम बारा-साडेबारा सेंटीमीटर लांब होतं, तेव्हा मुलाच्या हाती चिमटा द्या आणि भाग फ्रेमवरून दोनदा कापायला शिकवा: आधी 2-3 मिमी देठ ठेवून, मग भागाच्या कडेला. एकदाच कापलं तर प्लास्टिकचा टवका उडतो आणि भागात खड्डा पडतो.