स्विचमध्ये ब्रेक लिहिला नाही तर खालच्या केस का चालतात? आणि स्विच हे इफ-एल्सपेक्षा फास्ट असतं का?

प्रश्नाच्या खुलाशात तुम्ही याला 'सी भाषेतला बग' म्हटलंय, म्हणून लिहायला बसलो. बग नाही तो. केस म्हणजे नुसती पाटी. स्विच व्हॅल्यू बघून त्या पाटीवर एकदाच उडी मारतं. मग ओळी सरळ खाली चालत राहतात. वाटेत दुसरी पाटी आली तरी तिला कोण विचारतो? ब्रेक दिसला की बाहेर.

डिप्लोमा झाल्यावर भोसरीत एका छोट्या कंपनीत लागलो. बोअरच्या मोटरचा कंट्रोलर, ८०५१ या मायक्रोकंट्रोलर चिपवर. ड्राय रनच्या, म्हणजे पाण्याविना मोटर फिरण्याच्या, केसमध्ये मी फक्त बझर चालू केला आणि मुद्दाम ब्रेक दिला नाही, कारण लगेच खाली स्टॉपची केस होती, तिच्यात रिले ऑफ. पाणी संपलं की बझर वाजणार, मोटर थांबणार. टेस्टिंगला महिनाभर बिनबोभाट चाललं. रिलीजच्या आदल्या संध्याकाळी आमच्या सीनियरनी कोड चाळला, "पोरगं ब्रेक विसरलं" म्हणत स्वतःच टाकला आणि घरी गेले. पुढे तासगावकडच्या एका द्राक्षबागेत बोअर कोरडा पडला. बझर रात्रभर इमानेइतबारे वाजला, मोटरही रात्रभर फिरली. सकाळी वाइंडिंग जळालेलं. रिवाइंडिंगचे पैसे कंपनीने भरले, बोलणी मी खाल्ली: "असा कोड लिहितातच कशाला?"

ब्रेक टाकला की कोड सुरक्षित, ही समजूतच चुकीची. १५ जानेवारी १९९० ला अमेरिकेत एटी अँड टीचं लांब पल्ल्याचं फोन नेटवर्क नऊ तास कोलमडलं. तिथे ब्रेक लिहायचा राहिला नव्हता, नको तिथे होता. इफच्या आतल्या त्या ब्रेकने कंट्रोल थेट स्विचबाहेर नेला.

फास्टचं म्हणाल तर केस पुष्कळ आणि आकडे लागोपाठचे असतील तर कंपायलर जंप टेबल करतो, म्हणजे कुठल्या आकड्याला कुठे उडी मारायची याचा तक्ता; एकेक केस तपासत बसावं लागत नाही. तीन-चार केससाठी डोकं लावू नका.

गो आणि स्विफ्ट या भाषांमध्ये कोड आपोआप खाली घसरत नाही, तिथे फॉलथ्रू असं लिहावं लागतं. सीमध्ये जीसीसी या कंपायलरच्या ७ व्या आवृत्तीपासून जादा वॉर्निंग चालू केल्या की ब्रेक नसलेली केस दाखवली जाते आणि वर 'फॉल्स थ्रू' अशी कॉमेंट असेल तर तो गप्प बसतो. तशी कॉमेंट मी लिहिली नव्हती, हे खरं. लिहायला हवी होती. पण मी दोन टेबलं सोडून बसलो होतो, विचारता आलं असतं.