नीटच्या क्लाससाठी एफडी मोडू का? (इंदूर)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सहावीपासून सरकारी शाळेत, हिंदी माध्यम, यंदा दहावी पास. भंवरकुआँचा एक क्लास दोन वर्षांचे दीड लाख मागतोय आणि अकरावीला 'आमच्या ओळखीच्या' खासगी शाळेत नुसतं नाव घाला म्हणतोय. एफडी मोडू का?

ताई, एफडीचं नंतर बघू. आधी एक करा, शाळेतून टीसी काढू नका!

मध्य प्रदेशात 2023 पासून एमबीबीएसच्या 5 टक्के जागा सरकारी शाळांतल्या मुलांसाठी राखीव आहेत. त्यासाठी सहावी ते बारावी सरकारी शाळेतच झालेली लागते. (आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याखाली खासगीत शिकून नववीपासून सरकारीत आलेल्यांनाही चालतं.) तुमच्या लेकीची सातांपैकी पाच वर्षं झालीत. डमी शाळेत नाव घातलं की ती पाचही पाण्यात. क्लासच्या काउंटरवरचा पोरगा हे सांगणार नाही, त्याला सकाळच्या बॅचला मोकळी मुलं हवी असतात.

मी रामबागेत बावीस वर्षं फिजिक्स शिकवलं, त्यामुळे धंदा आतून माहीत आहे. चांगले सर वरच्या बॅचला, होर्डिंगवर फोटोही त्याच बॅचचे, आणि खर्च निघतो मागच्या बॅचांच्या फीमधून. मीही लहान प्रमाणात तेच केलं. शेजारचा हुशार मुलगा फुकट घेतला, कारण तो माझी जाहिरात होता. सराफ्यात ठेला लावणाऱ्याच्या मुलाकडून मात्र पूर्ण फी घेतली. त्याचं दहावीचं त्रिकोणमितीच कच्चं होतं. ते पक्कं करायला दोन महिने पुरले असते, पण मी पोर्शन पुढे रेटत राहिलो. त्याच्या वडिलांनी कधी एका शब्दाने विचारलं नाही, ते जास्त लागतं.

आता तुमच्या मुलीचं. नीटच्या 720 गुणांपैकी 360 जीवशास्त्राचे. पेपर हिंदीतही असतो आणि एनसीईआरटीची हिंदी पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट मिळतात. त्या निम्म्या गुणांसाठी क्लास नको, पुस्तक ओळ न् ओळ वाचायला हवं. शिकवणी लावायचीच तर फिजिक्स-केमिस्ट्रीची, घराजवळ. आधी दोन दिवस बसू द्या. 'सर, नाही कळलं' म्हटल्यावर ते थांबतात की पुढे जातात, एवढंच तिला विचारा. सरावाला शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूरचं 'साथी' पोर्टल आहे, पैसे लागत नाहीत.

बोर्डाकडे दुर्लक्ष नको. एमपी बोर्डात 70 टक्के मिळाले आणि नीटमधून सरकारी मेडिकलला नंबर लागला, तर मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेतून शासन फी भरतं. उत्पन्नाची अट आहे, तुमच्या तहसील कार्यालयातून दाखला आत्ताच करून ठेवा.

एवढं करूनही मोठा क्लासच हवा असेल तर हप्त्याने भरा, पक्की पावती घ्या. केंद्राच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मधेच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यायची असते. देताना कुरकुर करतात, म्हणून पावती.

टीसी काढून झाली असेल तर उद्याच मुख्याध्यापकांना भेटा आणि इथे कळवा.