रकाना रिकामा राहू दे

अनेक आशीर्वाद.

रविवारी पडवीत बसून तू चहा निवू दिलास आणि कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फाईलमधल्या, मुलांकडून घ्यायच्या राहिलेल्या अभिप्रायांबद्दल शेवटी विचारलंस, "मॅडम, मग भरून टाकू का?" मी "नको" म्हटलं आणि उठून आत गेले. बाईंना राग आला असं तुला वाटलं असेल. आला होता, पण तुझा नाही. एकवीस वर्षांपूर्वी अशीच फाईल मांडीवर घेऊन हाच प्रश्न मी कुणाला तरी विचारला होता, आणि मला उत्तर मिळालं होतं, "टाका भरून, कोण बघतंय."

नुसत्या "नको"वर तुझी सुटका होणार नाही हे रात्री लक्षात आलं. फोनवर मी धड बोलत नाही, म्हणून लिहितेय.

तू सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहेस, तासाचे पैसे चार-चार महिने मिळत नाहीत, पुढच्या जूनला नेमणुकीची ऑर्डर निघेल की नाही ते वरच्यांच्या मर्जीवर. हे मला ठाऊक आहे, तेव्हा धीर धर वगैरे लिहीत नाही. खोटं लिहू नये हेही तुला सांगायला नको, तुझ्या घरचं वळण मी पाहिलंय. तुझा घोळ वेगळाच आहे. हे खोटं नव्हे, राहिलेलं काम मागाहून पुरं करणं आहे, असं तुला वाटतंय. "मुलांना विचारलं असतं तरी त्यांनी हेच लिहिलं असतं," असं तू म्हणालास. अरे, मुलांनी काय लिहिलं असतं हे आपल्याला माहीत असतं, तर विचारायचं कशाला?

रकाना रिकामा राहू दे. तीन वर्षांचे अभिप्राय घेतलेले नाहीत, तर तीन रकाने रिकामे. वर तारीख, खाली "या वर्षी अभिप्राय घेतले नाहीत", आणि तुझी सही.

नॅकचा, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या परिषदेचा, तो फॉर्म तू नीट वाचलायस का? सगळे घाईत असतात, म्हणून विचारते. पहिल्या निकषात अभिप्रायाचा जो मुद्दा आहे, त्याखाली पाच पर्याय छापलेत. अभिप्राय गोळा केले, विश्लेषण केलं, कार्यवाही केली आणि संकेतस्थळावर टाकलं, हा पहिला. मग एकेक पायरी उतरत कार्यवाहीपर्यंत, विश्लेषणापर्यंत, नुसते गोळा केले इथपर्यंत. आणि पाचवा, गोळा केले नाहीत. ज्यांनी फॉर्म केला त्यांनी ही जागा ठेवली आहे. मी इतक्या कॉलेजांचे अहवाल चाळले, पण पाचव्यावर टिचकी मारणारा माणूस मला भेटला नाही. बंगळुरूत १९९४ साली ही परिषद सुरू झाली तेव्हापासून आपल्याकडे कधी कुणाचं काही राहिलंच नाही, असं दिसतं!

आता माझं सांगते. २००४ साली आमची पहिली फेरी. समिती यायची म्हणून कॉलेजला रंग, दारात रांगोळी, जेवणात उकडीचे मोदक. अभिप्रायाचे फॉर्म कमी पडतायत हे आदल्या आठवड्यात कळलं. तीन रात्री बसून आम्ही चौघांनी सव्वाशे फॉर्म भरले. निळं पेन, काळं पेन, एकाने डाव्या हाताने. सगळीकडे "उत्तम" दिसलं तर संशय येईल म्हणून मध्येमध्ये "साधारण"वर खूण करायची युक्ती माझी. मला त्या युक्तीचा अभिमान वाटला होता.

खरे फॉर्म नव्हते असं नाही. एस.वाय.च्या चाळीसएक मुलांचे होते, माझ्याच ड्रॉवरमध्ये. पण चुरगळलेले, कुणी मागच्या बाजूला लिहिलेलं, कुणी नुसतंच "बरं आहे". फाईलला शोभण्यासारखे नव्हते. त्यातला एक मला आजही दिसतो. खाडीपलीकडून येणाऱ्या मुलीचा. सूचनेच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलं होतं, "मंगळवारी प्रॅक्टिकल साडेचारला सुटते. आमची गाडी सव्वाचारला असते. नंतरची साडेसातला. घरी चालत नाही." मी वाचलं, परत ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि दुसऱ्या फॉर्मवर काळ्या पेनाने "प्रयोगशाळा : उत्तम" अशी खूण केली.

टी.वाय.ला ती आली नाही. गाडीमुळेच असं मी म्हणणार नाही, लग्न ठरलं असंही कुणी म्हणालं. पण मंगळवारचं प्रॅक्टिकल सकाळी घ्यायला माझा एक कागद पुरला असता. तो मी लिहिला नाही, कारण आमच्या अहवालात मुलं समाधानी होती. पावसाळ्यानंतर ड्रॉवरला ओल आली आणि ते चाळीस फॉर्म रद्दीत गेले. सव्वाशे मात्र जपून ठेवले. कपाटात साठचा बल्ब लावायचो आम्ही, बुरशी धरू नये म्हणून.

तेव्हा माझी नोकरी नवी नव्हती, मला कुणी काढणार नव्हतं. भीतीने केलं असं म्हणायची सोय मला नाही. तुला आहे. म्हणून तुझ्यावर जास्त रागावता येत नाही, आणि म्हणूनच जास्त चिडचिड होते.

दुसरी गोष्ट तुला वर्गात कधी सांगितली नाही. २०११ साली टी.वाय.ची मुलं महिनाभर मासळी प्रक्रियेच्या एका कारखान्यात पाठवली होती. आठवड्याने मालकांचा फोन, "मॅडम, जरा येऊन जा." गेले. त्यांनी शीतगृहाच्या तापमानाचं रजिस्टर माझ्यापुढे उघडलं. दर दोन तासांनी थर्मामीटर बघून आकडा लिहायचा, हे आमच्या मुलाचं काम. सकाळी आठ, उणे १८. दहा, उणे १८. बारा, दोन, चार, सगळीकडे उणे १८, एका शाईत, एका तिरप्या अक्षरात. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते, आणि चारचा रकाना भरलेला होता.

मालक ओरडले नाहीत. म्हणाले, "रकाना मोकळा दिसला तर मी उठून कॉम्प्रेसर बघतो. भरलेला दिसला की मी निवांत झोपतो. माल सडला तर मला कळणार कधी?"

मुलाला बाहेर घेतलं. म्हटलं, असं का केलंस? तो खरंच गोंधळला होता. म्हणाला, "मॅडम, जर्नललाही आपण असंच करतो ना?" त्या जर्नलवर प्रमाणपत्राच्या पानावर सही माझी होती. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार!

गुणवत्ता हमी, प्रोग्रॅम रिव्ह्यू, ही नावं मोठी आहेत, पण माझ्या लेखी ते शीतगृहाचं रजिस्टर आहे. आपण दिलेल्या पदवीत आत काय थंड आहे आणि काय सडतंय, ते दर काही तासांनी बघायचं. बघितलं नसेल तर रकाना रिकामा. त्या रिकाम्या रकान्याने कुणीतरी उठतं.

तू म्हणशील, बाईंचं आता काय जातं, निवृत्त झाल्या. बरोबर आहे. म्हणून २०१८ चंही सांगते, जे कॉलेजात तुला कुणी माझ्याविरुद्ध सांगितलं असेलच. २०१७ पासून पद्धत बदलली होती, सत्तर टक्क्यांच्या आसपास भार आकडेवारीवर, आणि ती आकडेवारी समिती येण्याआधीच डीव्हीव्हीवाले, म्हणजे नॅकचे माहिती पडताळणारे, तपासणार. आयक्यूएसी, म्हणजे कॉलेजची गुणवत्ता हमी समिती, माझ्याकडे होती. पाच वर्षांपैकी दोन वर्षांचेच अभिप्राय होते, तेही वाचलेले नव्हते. मी "फक्त गोळा केले" हा पर्याय निवडला. वरून निरोप आला, बदला. मी बदलला नाही. दोनदा बोलावलं, मी दोनदा चहा पिऊन परत आले.

निकाल २.९७. बी प्लस प्लस. ए श्रेणीला ३.०१ लागतात.

अभिप्रायाला हजारात वीस गुण. माझ्या त्या टिचकीने त्यातले पंधरा गेले असं धर. चारच्या मापात ०.०६. बेरीज कर, ३.०३ होतात. मी ती तीनदा करून पाहिली आहे, रात्री, वहीच्या मागच्या पानावर. स्टाफरूममध्ये वर्षभर माझ्याशी कुणी धड बोललं नाही, आणि गणिताने पाहिलं तर ते चुकले नव्हते. डीव्हीव्हीने पुरावे मागितले असते तर आपलं पितळ उघडं पडलं असतं, असं मी लोकांना सांगत फिरले. पडलं असतंच असं नाही, कितीतरी कॉलेजांचं पडलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये समितीतल्याच माणसांना ए प्लस प्लससाठी लाच घेतल्याच्या प्रकरणात सीबीआयने अटक केली, ती बातमी मी कात्रण काढून ठेवली. कशाला ठेवली? "बघा, मी म्हणत होते" असं कुणाला तरी दाखवायला. दाखवायला कुणी आलं नाही. तू आलास, तर तुझ्यासमोर चहा निवला.

पण त्या २.९७ नंतर काय झालं तेही ऐक. पुढच्या जूनला पहिल्यांदा फॉर्म वेळेवर छापले गेले, आणि घेतल्यावर वाचलेही गेले, कारण आता सगळ्यांना तो रकाना टोचत होता. एस.वाय.च्या हजेरीत ऑगस्टमध्ये खड्डा पडतो हे आम्हाला दरवर्षी दिसायचं, आणि शेरा ठरलेला, "विद्यार्थ्यांची अनास्था". फॉर्मवर एका मुलाने लिहिलं होतं, "बंदी उठली की वडिलांबरोबर जावे लागते, खलाशी मिळत नाही." एवढंच. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. बंदरावर राहून, प्राणिशास्त्र शिकवून हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. अभ्यासक्रमातला शब्दही आपल्याला बदलता येत नाही, अभ्यास मंडळ मुंबई विद्यापीठाचं. पण घटकांचा क्रम आपल्या हातात आहे. मत्स्यशास्त्राचा भाग आणि प्रॅक्टिकलचा मोठा हिस्सा जून-जुलैत उरकला, ऑगस्टमधले तास हलके केले. मी निवृत्त झाले तोवर दोन बॅचना तसं चालवलं. पुढे कुणी वेळापत्रक पूर्ववत केलं असेल, मी विचारायला गेले नाही.

आता तुझी फाईल. तू गेल्यावर उघडून पाहिली, तुझी परवानगी न घेता. सीओ-पीओचा तक्ता, म्हणजे कोर्सची फलितं पदवीच्या फलितांशी किती जुळतात ते १ ते ३ आकड्यांत दाखवणारा, बघून कपाळाला हात लावला. सगळ्या चौकटीत ३! बेडकाच्या पचनसंस्थेचा घटक "उद्योजकता विकासा"शी ३ ने जोडलेला आहे, तो कसा, मला येऊन समजावून सांग. जिथे संबंध नाही तिथे आडवी रेघ मारतात, १ सुद्धा नाही. तिथेही तेच, रकाना रिकामा राहू दे. कुणी विचारलं तर सांग की बेडूक उद्योजक होत नाही. आणि ही फलितं मुलांना किती साधली त्याची टक्केवारी प्रत्येक कोर्सला ७२ च्या पुढेमागे कशी आली? मुलांचे मार्क तर तुझ्याकडेच आहेत, ते ७२ म्हणत नाहीत.

सोमवारपर्यंत तीन वर्षं परत येणार नाहीत. शनिवारी मात्र टी.वाय.चा वर्ग आहे. त्यांच्याकडून फॉर्म घे, तुझ्या समोर, आजची तारीख घालून. "उत्तम, चांगले, साधारण"च्या खुणा नकोत, दोन प्रश्न पुरतात. कोणता तास बुडतो आणि का. काय शिकलो पण कळलं नाही. रात्री बसून सगळे स्वतः वाच, एक्सेलमध्ये टाकायच्या आधी. सभेचं इतिवृत्त सभेच्या दिवशीच लिही; तीन महिन्यांनी लिहिलेल्या इतिवृत्तात सगळे सगळ्यांशी सहमत असतात. पहिल्या सेमिस्टरला होती आणि दुसऱ्याला नाहीत, अशा मुलांची यादी काढ आणि त्यातल्या चारपाच जणांना फोन कर. त्या यादीचा नॅकच्या फॉर्ममध्ये रकानाच नाही, तरी काढ.

वरच्यांना काय सांगायचं हे तू विचारशील. मला माहीत नाही. मी चहा पिऊन परत यायचे, तुला ते परवडेल असं म्हणत नाही. ऑर्डर निघाली नाही तर मी तुला पगार देणार नाही, हेही मला कळतं. एवढं कर, तुझ्या सहीच्या कागदावर तू भरू नकोस. त्यांना भरायचे असतील तर त्यांच्या पेनाने भरू देत.

ग्रेड बिड राहू दे बाजूला. २०२४ पासून ऐकतोय की श्रेण्या जाणार आणि मान्यता आहे की नाही एवढंच उरणार. तसं झालं तर तुझ्या वेळी ०.०६ चं गणित मांडायलाही कुणी नसेल. बरंच आहे.

फाईल तू इथेच विसरलास. पडवीत पागोळ्यांचं पाणी येतं, म्हणून आत कपाटात ठेवली आहे. बल्ब चालू आहे. तुझ्या गठ्ठ्यात अकरा फॉर्म खरे निघाले, २०२२-२३ चे, कुठल्यातरी वहीत दबलेले होते. त्यांना वेगळं रबर लावून वर ठेवलंय. त्या वर्षाच्या रकान्यात "अकरा" लिही. शुक्रवारी संध्याकाळी ये, कोकमाचं सरबत करते. ते निवलं तरी चालतं.

तुझ्या,
मॅडम