हरताळ ‘फासतात’ की ‘पाळतात’?

‘नियमांना हरताळ फासला’ असे वर्तमानपत्रांत नेहमी वाचतो. पण हरताळ म्हणजे तर बंद, मग तो फासतात कसा, असा प्रश्न आहे.

येथे उच्चार एक असला तरी शब्द दोन आहेत. जो पाळतात तो हरताळ गुजरातीतील ‘हडताळ’वरून आला असून त्यात हाट आणि ताळे, म्हणजे दुकान आणि कुलूप, दडलेले आहेत. जो फासतात तो मात्र संस्कृत ‘हरिताल’, म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांच्या संयोगाने बनलेले, पिवळेधमक आणि विषारी खनिज होय. ते खलात बारीक घोटून, डिंकाच्या पाण्यात कालवून चित्रकार रंग म्हणून वापरीत. त्यात नीळ मिसळली की हिरवा रंग तयार होई.

वाक्प्रचार मात्र चित्रकाराकडून नव्हे, तर पोथ्या लिहिणाऱ्या लेखनिकाकडून आला आहे. काजळीच्या शाईने लिहिताना अक्षर चुकले, की तो त्यावर हरताळाचा लेप देई आणि लेप वाळल्यावर त्यावरच योग्य अक्षर लिही. जुन्या पोथ्यांत असे पिवळे ठिपके आजही दिसतात. कागद मुळात पिवळसर असला तर ते चटकन नजरेत भरतही नाहीत. म्हणून ‘हरताळ फासणे’ याचा मूळ अर्थ लिहिलेले नाहीसे करणे असा आहे, आणि ‘वर्षभराच्या कष्टांवर हरताळ फासला’ हा प्रयोग ‘नियमांना हरताळ’ या प्रयोगापेक्षा मला मुळाशी अधिक इमान राखणारा वाटतो.

छापखान्यातला पिवळा रंग चुकलेले अक्षर झाकण्याचे हे काम करू शकला नसता. चौरंगी छपाईत निळी, किरमिजी आणि पिवळी या शाया पारदर्शक असतात. प्रकाश त्यांतून आरपार जाऊन पांढऱ्या कागदावरून परततो, म्हणूनच निळ्यावर पिवळा छापला की हिरवा दिसतो. छापील चित्रातले हिरवे पान भिंगाखाली धरल्यास निळे-पिवळे ठिपके एकमेकांवर आणि शेजारी शेजारी पडलेले दिसतात. हरताळाचे कण मात्र अपारदर्शक असल्याने खालचे अक्षर झाकले जाते. काळ्या अक्षरावर छपाईची पिवळी शाई चढवली, तर अक्षर तसेच वाचता येते. हायलायटरने आपण ओळ खोडत नाही, उठावदार करतो, ते याच पारदर्शकतेमुळे.