फॉस्फेट वाहणारी प्रथिने आणि बारावीनंतरची वाट

सप्रेम नमस्कार.

आपण देवगडहून लिहिले आहे की, बारावी विज्ञानात शिकणारी आपली कन्या पेशीपटलातून फॉस्फेट आत नेणाऱ्या आणि विषाणूंनाही प्रवेश देणाऱ्या प्रथिनांविषयी वाचून भारावली आहे, नीटची तयारी सोडून संशोधनात जाऊ म्हणते, आणि एवढ्याशा विषयावर पोट कसे भरणार ही चिंता आपल्याला लागली आहे.

विषय एवढासा नाही. पिट-१ आणि पिट-२ ही प्रथिने आधी सापडली ती गिबन वानरांत व उंदरांत रक्ताचा कर्करोग घडवणाऱ्या रेट्रोव्हायरसांचे (आपली जनुके पेशीच्या जनुकांत मिसळणाऱ्या विषाणूंचे) ग्राही, म्हणजे विषाणू ज्याला चिकटून पेशीत शिरतो ते प्रथिन, म्हणून. सोडियमच्या ओढीवर फॉस्फेट पेशीत आणणे हे त्यांचे मूळ काम १९९४ मध्ये उघड झाले. पिट-२च्या जनुकातील दोषामुळे काही कुटुंबांत मेंदूत कॅल्शियम साचते, हे २०१२ मध्ये कळले. याच विषाणूंची आवरणे जनुकोपचारातही, म्हणजे उपचारासाठी पेशींत जनुके पोचवण्यासाठी, वापरली गेली. एक्सपीआर-१ हे आणखी एक ग्राही प्रथिन फॉस्फेट पेशीबाहेर सोडते, आणि मुळांतून वर फॉस्फेट पाठवणारे वनस्पतींतील पीएचओ-१ त्याच्याच कुळातले आहे. आपल्या जांभ्या मातीतील लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद, म्हणजे फॉस्फेटमधला फॉस्फरस, धरून ठेवतात, म्हणून हापूसच्या कलमांना घातलेल्या खतातील बराचसा स्फुरद झाडाला मिळत नाही, हे आपण जाणताच. तिचा प्रश्न आपल्या बागेपासून फार दूरचा नाही, असे मला मनापासून वाटते, आणि म्हणून दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठही विचारात असावे.

मात्र एका प्रथिनावर भाळून आजच वाट ठरवू नये. आयसर या केंद्रीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांच्या पाच वर्षांच्या बीएस-एमएस अभ्यासक्रमाच्या प्रवेशपरीक्षेत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित यांना सारखेच महत्त्व आहे. पहिले तीन विषय नीटलाही लागतात, त्यामुळे नीट सोडण्याची गरज नाही, फक्त गणित सुटता कामा नये. तेथे प्रवेश न मिळाल्यास रत्नागिरीत बीएस्सी करून पुढे पुण्यात एमएस्सीला जाता येते. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आणि आयसर, दोन्ही पुण्यात आहेत.

खर्चाविषयी स्पष्ट लिहितो. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर पीएचडीच्या सुरुवातीस दरमहा ३७,००० रुपये मिळतात. परंतु पक्की नोकरी बहुधा तिशीच्या आसपास लागते. तोवर घराला तिच्या कमाईची निकड आहे का, आणि प्रयोगशाळेत महिनोन्महिने फसणारे प्रयोग पुन्हा करण्याची तिची तयारी आहे का, हे आपण आणि कन्येने बसून बोलावे व मला कळवावे, म्हणजे अर्जांचा क्रम ठरवता येईल.